इंग्रजींतील आरंभवाचक शब्द



बत्तीस वर्षें मीं शाळेंत इंग्रजी शिकविलें. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकच्या पलीकडे गेलेलें नाहीं. तेव्हां भाषाशास्त्रावर व्याख्यान देण्याचा अधिकार मला नाहीं, आणि तसा माझा हेतूहि नाहीं. एका लहानशा गोष्टींत मीं पुष्कळ विद्यार्थ्यांची दिशाभूल केली. ती चूक चार लोकांसमक्ष दुरुस्त करावी, एवढ्यासाठींच आज मी आपल्यापुढें आलों आहें.

ती गोष्ट अशी. वर्गांत धडा चालूं असतांना ‘कमेन्स’ हा शब्द आला कीं मी फळ्याकडे वळून सांगत असें, “मुलांनो, बिगिन म्हणजे सुरू करणें, स्टार्ट म्हणजे सुरू करणें, आणि कमेन्स म्हणजेहि सुरू करणेंच, फक्त शब्द जरा भारदस्त.” मुलें वहींत उतरून घेत. परीक्षेंत समानार्थी शब्द विचारले म्हणजे तीं हेंच लिहीत, आणि मी गुण देत असें. माझें कांहीं चुकतें आहे असें मला कधीं वाटलें नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत माझा एक जुना विद्यार्थी मला भेटावयास आला. आतां तो चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. एका कचेरींत हिशेब सांभाळतो. त्यानें आपल्या आईच्या आजारपणाचा विमा उतरविला होता. अर्ज भरून पैसे दिले १ जून रोजीं. कंपनीनें आईची तपासणी करविली, कागदपत्रें पाहिलीं, आणि १४ जून ही तारीख घालून विमापत्र पाठविलें. पुढें ९ जुलै रोजीं आईला ताप आला व रुग्णालयांत ठेवावें लागलें. अशा विम्यांत पहिल्या तीस दिवसांतील दुखण्याचा खर्च मिळत नाहीं, अपघात तेवढा वगळून. हा नियम त्याला ठाऊक होता. त्यानें दिवस मोजले. १ जूनपासून ९ जुलैपर्यंत अडतीस दिवस होतात, म्हणून तो निश्चिंत होता. कंपनीचें उत्तर आलें कीं, पंचवीसच दिवस झाले आहेत, सबब रक्कम देतां येत नाहीं.

विमापत्रावर ‘कमेन्समेंट’ची तारीख १४ जून अशी स्वच्छ छापलेली होती. त्यानें तो शब्द वाचला नव्हता असें नाहीं. वाचला होता, आणि आपल्याला त्याचा अर्थ येतो असेंहि त्याला वाटत होतें. तो म्हणाला, “गुरुजी, कमेन्स म्हणजे सुरू होणें, हें तुम्हींच शिकविलेंत. मीं पैसे भरले त्या दिवशीं विमा सुरू झाला, असेंच मी धरून चाललों.” हें तो रागानें बोलला नाहीं, म्हणूनच मला तें अधिक लागलें. आई बरी होऊन घरीं आली, ही त्यांतल्या त्यांत समाधानाची गोष्ट. खर्च मात्र त्याच्याच अंगावर पडला.

तो गेल्यावर मी विचार करूं लागलों कीं, मीं शिकविलें त्यांत नेमकें चुकलें कोठें? तेव्हां प्रथम माझें लक्ष गेलें तें आपल्याच ‘सुरू’ या शब्दाकडे. हा शब्द मूळचा अरबी. फारशीच्या वाटेनें तो मराठींत आला आणि येथें त्यानें मोठा संसार थाटला. पाऊस सुरू झाला, भांडण सुरू झालें, दुकान सुरू केलें, पंखा सुरू केला, नवी चाल सुरू केली. इतकेंच नव्हे, तर चाललेल्या गोष्टीलाहि आपण ‘सुरू’च म्हणतों. पाऊस सुरू आहे. पंखा सुरू आहे. दुकान रात्रीं नऊपर्यंत सुरू असतें. आरंभाचा क्षण आणि त्यापुढची चालती स्थिति, दोन्ही या एकाच शब्दाच्या पदराखालीं आलीं. मग आमचा विद्यार्थी ‘द फॅन इज स्टार्टेड’ असें वाक्य लिहितो. इंग्रजींत चालत्या पंख्याला ‘ऑन’ म्हणतात, उघड्या दुकानाला ‘ओपन’ म्हणतात, आणि पाऊस पडत असेल तर ‘इट इज रेनिंग’ एवढें पुरतें. ‘स्टार्ट’ हा शब्द त्या एका क्षणापुरता असतो. तो क्षण सरला कीं त्याचें काम संपलें.

याचा अर्थ मराठी भाषा दरिद्री आहे असा मात्र कोणी करूं नये. आरंभ, उपक्रम, सूत्रपात, पायाभरणी, उद्घाटन, श्रीगणेशा, ओनामा, मुहूर्त करणें, हात घालणें, नारळ फोडणें, असे कितीतरी प्रकार आपल्याजवळ आहेत, आणि प्रत्येकाची छटा निराळी आहे. नारळ फुटला म्हणजे घर उभें राहिलें, असें कोणी मानीत नाहीं. मोठ्या उत्साहानें कामाला लागून तें अर्ध्यावर टाकणाऱ्याला आपण ‘आरंभशूर’ म्हणतों. म्हणजे आरंभा-आरंभांतला फरक आपल्याला चांगला कळतो. परक्या भाषेचा शब्द समोर आला कीं मात्र हें सारें विसरून आपण ‘सुरू’ या एकाच मापानें सर्व शब्द मोजतों. माझी चूक हीच होती.

खरें पाहतां हे इंग्रजी शब्द निरनिराळ्या प्रश्नांचीं उत्तरें आहेत. कोणी विचारतो, कामाचा पहिला भाग कोणता? कोणी विचारतो, गति केव्हां आली? कोणी विचारतो, कायद्यानें दिवस कोठून मोजावयाचे? कोणी विचारतो, पुढाकार कोणाचा? प्रश्न ओळखला म्हणजे शब्द आपोआप सांपडतो. प्रश्न ओळखण्याची एक सोपी युक्ति मी आपल्याला सांगतों. प्रत्येक शब्दाचा विरुद्ध शब्द कोणता, तें पाहावें.

प्रथम ‘बिगिन’ घेऊं. हा इंग्रजांचा अगदीं घरचा, जुना शब्द. याचा विरुद्ध शब्द ‘एंड’, म्हणजे शेवट. ज्या गोष्टीला आदि, मध्य आणि अंत असतो, तिच्या आदीला ‘बिगिनिंग’ म्हणतात. गोष्ट, भाषण, परीक्षा, शतक, आयुष्य, यांना हा शब्द शोभतो.

‘स्टार्ट’ हाहि जुना इंग्रजी शब्द, परंतु त्याचा स्वभाव वेगळा. दचकून उसळणें, झटकन हलणें, हा त्याचा मूळचा अर्थ. दचकविणें या अर्थाचा ‘स्टार्टल’ हा शब्द त्याच मुळाचा आहे. एखादा मनुष्य आवाज ऐकून ‘स्टार्टेड’ असें पुस्तकांत आलें, तर तेथें तो दचकला असाच अर्थ घ्यावयाचा. आमचे विद्यार्थी तेथें हटकून फसतात. याचा विरुद्ध शब्द ‘स्टॉप’, म्हणजे थांबणें. तेव्हां स्थिर असलेली वस्तु हलूं लागणें, हा ‘स्टार्ट’चा गाभा. म्हणून मोटारीचें यंत्र ‘स्टार्ट’ करतात. तें ‘बिगिन’ केलें असें कोणी म्हणत नाहीं, कारण यंत्राला आदि-अंत नसून चालणें व थांबणें असतें. प्रवासाला निघणें हेंहि ‘स्टार्ट’च. आतां पाऊस, रडणें, काम, अशा पुष्कळ ठिकाणीं हे दोन्ही शब्द चालतात, आणि अर्थांत फारसा फरक पडत नाहीं. तेथें उगाच आग्रह धरूं नये.

यानंतर ज्या शब्दानें मला खजील केलें, तो ‘कमेन्स’. याची कुळकथा जरा लांब आहे. १०६६ सालीं नॉर्मंडीच्या विल्यमनें इंग्लंड जिंकलें, आणि पुढें कित्येक पिढ्या तेथील राजदरबारांत व न्यायालयांत फ्रेंच भाषेचा वरचष्मा राहिला. १३६२ सालीं न्यायालयांतील वाद इंग्रजींत चालावे असा कायदा झाला. तरी कायद्याच्या परिभाषेंत पुष्कळ फ्रेंच शब्द ठाण मांडून बसले ते बसलेच. शेतांत, स्वयंपाकघरांत ‘बिगिन’. न्यायालयांत, समारंभांत ‘कमेन्स’. म्हणून हा शब्द भारदस्त वाटतो, हें मीं मुलांना सांगितलें तें खोटें नव्हतें. पण तें अर्धेंच होतें. भारदस्तपणा हा त्याचा पोषाख झाला. त्याचें काम वेगळें आहे. कायद्याच्या कागदांत ‘कमेन्स’ हा शब्द मोजणीचा पहिला दिवस ठरवितो.

आपल्या देशांत १८९७ सालचा ‘जनरल क्लॉजेस ॲक्ट’ म्हणून एक कायदा आहे. इतर कायद्यांतील शब्दांचे अर्थ कसे लावावे, हें त्यांत सांगितलें आहे. त्यांत ‘कमेन्समेंट’ची व्याख्या दिलेली आहे. कायदा ज्या दिवशीं अंमलांत येतो, तो दिवस म्हणजे त्याचें ‘कमेन्समेंट’. कायदा मंजूर झाला, छापला गेला, लोक त्याविषयीं बोलूं लागले, तरी अंमलाचा दिवस उजाडेपर्यंत त्याचें ‘कमेन्समेंट’ झालें नाहीं. माहितीच्या अधिकाराचा कायदा पाहा. त्याला राष्ट्रपतींची संमति मिळाली १५ जून २००५ रोजीं. त्यांतील कांहीं कलमें लगेच लागूं झालीं, परंतु संपूर्ण कायदा अंमलांत आला तो १२ ऑक्टोबर २००५ रोजीं. मधले जवळजवळ चार महिने कायदा जन्माला आलेला होता. मात्र सामान्य नागरिकाला त्याच्या बळावर अर्ज करून माहिती मागतां येत नव्हती.

याहून मोठें उदाहरण आपल्या राज्यघटनेचें. संविधान सभेनें ती स्वीकारली २६ नोव्हेंबर १९४९ रोजीं. पण तिच्या ३९४व्या कलमांत असें स्पष्ट म्हटलें आहे कीं, नागरिकत्वाचीं, निवडणुकांविषयींचें व आणखी कांहीं मोजकीं कलमें तत्काळ अंमलांत येतील, आणि बाकी सर्व घटना २६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत येईल. व हा दुसरा दिवसच घटनेचें ‘कमेन्समेंट’ समजला जाईल. हा भेद केवळ पंडितांच्या करमणुकीसाठीं नव्हता. निवडणुकांचें कलम आधींच लागूं झालेलें असल्यामुळें २५ जानेवारी १९५० रोजीं, म्हणजे प्रजासत्ताक होण्याच्या आदल्या दिवशीं, निवडणूक आयोग स्थापन होऊं शकला. दुसरीकडे, केंद्राच्या कारभारांत इंग्रजीचा वापर पंधरा वर्षें चालूं राहील, असें ३४३व्या कलमांत सांगितलें होतें. ही पंधरा वर्षें मोजावयाचीं कोठून? ‘कमेन्समेंट’पासून. म्हणून ती मुदत २६ जानेवारी १९६५ रोजीं संपत होती, आणि त्यापूर्वींच १९६३ सालीं नवा कायदा करून इंग्रजीचा वापर पुढें चालूं ठेवण्याची सोय करण्यांत आली. एका शब्दावर देशाच्या भाषेचा हिशेब अवलंबून होता. माझ्या विद्यार्थ्याच्या विमापत्रांतहि तोच शब्द होता, आणि त्याचें कामहि तेंच होतें.

राज्यघटना उघडलीच आहे, तर तिच्यांतील आणखी तीन आरंभवाचक शब्द पाहूं. संसदेंत विधेयक येतें त्याविषयीं १०७व्या कलमांत ‘ओरिजिनेट’ हा शब्द आहे. याचें लॅटिन मूळ उगवणें या अर्थाचें. सूर्य उगवतो त्या पूर्व दिशेला ‘ओरिएंट’ म्हणतात, तो शब्दहि याच घराण्यांतला. नदीचा जसा उगम, तसा विधेयकाचा उगम कोणत्या सभागृहांत, हा येथें प्रश्न आहे. सर्वसाधारण विधेयक लोकसभेंत उगम पावूं शकतें, तसेंच राज्यसभेंतहि. मात्र धनविधेयकाविषयीं १०९वें कलम सांगतें कीं, तें राज्यसभेंत ‘इंट्रोड्यूस’ करतां येणार नाहीं. ‘इंट्रोड्यूस’ म्हणजे आंत घेऊन येणें. कोणी तरी हातांत कागद घेऊन उभा राहतो व तो सभेपुढें ठेवतो, ती ही क्रिया. आणि घटनादुरुस्तीच्या ३६८व्या कलमांत ‘इनिशिएट’ हा शब्द येतो. दुरुस्तीची प्रक्रिया संसदेच्या कोणत्याहि सभागृहांत विधेयक मांडूनच ‘इनिशिएट’ करतां येते.

‘इनिशिएट’ या शब्दाचें मूळ ‘आंत पाऊल टाकणें’ असें आहे. एखाद्याला पंथाची दीक्षा देणें, हाहि त्याचा अर्थ आहे तो यामुळेंच. गंमत अशी कीं, आपला ‘कमेन्स’ हाहि याच लॅटिन मुळापासून निघाला. फ्रेंचांच्या तोंडीं घासून त्याचें रूप पालटलें इतकेंच. एकाच कुळांतले हे दोघे भाऊ; पण एक तारीख सांगतो, दुसरा पुढाकार सांगतो. ज्यानें एखादी गोष्ट ‘इनिशिएट’ केली, त्यानें ती शेवटास नेलीच पाहिजे असें नाहीं. पहिलें पाऊल त्याचें, एवढेंच त्यांत अभिप्रेत आहे. पुढाकाराला आपण ‘इनिशिएटिव्ह’ म्हणतों तें यावरूनच.

आतां संस्था स्थापन करण्याचे शब्द. ‘फाउंड’ म्हणजे पाया घालणें. ‘एस्टॅब्लिश’ म्हणजे पक्कें उभें करणें. पहिल्या शब्दाविषयीं एक इशारा देणें जरूर आहे. ‘फाइंड’, म्हणजे सांपडणें, याचें भूतकाळी रूपहि ‘फाउंड’च होतें. माझ्या वर्गांतील एका मुलानें निबंधांत लिहिलें होतें, ‘शिवाजी महाराज फाउंड स्वराज्य’. त्याला म्हणावयाचें होतें कीं, महाराजांनीं स्वराज्य स्थापिलें; वाक्याचा अर्थ झाला, महाराजांना स्वराज्य सांपडलें! स्थापिलें या अर्थीं ‘फाउंडेड’ असें रूप हवें. दोन अक्षरांच्या चुकीनें सबंध इतिहास फिरला.

‘ओपन’ आणि ‘इनॉग्युरेट’ हे आपल्या विशेष परिचयाचे. कारण उद्घाटनावांचून आपलें पान हलत नाहीं. ‘ओपन’चा विरुद्ध शब्द ‘क्लोज’. लोकांना आंत येण्यास वाट मोकळी झाली, एवढाच त्याचा अर्थ. ‘इनॉग्युरेट’मध्यें मात्र विधि आहे, समारंभ आहे. प्राचीन रोममध्यें ‘ऑगर’ नांवाचे पुरोहित असत. ते आकाशांतील पक्ष्यांचें उडणें पाहून शकुन सांगत, आणि शकुन अनुकूल असला म्हणजे मोठ्या कार्यास वा अधिकारग्रहणास संमति मिळे. त्यांच्या नांवावरून हा शब्द बनला. आपल्या मुहूर्ताचाच हा रोमन भाऊबंद म्हणावयाचा. पण मुहूर्त निराळा आणि अंमल निराळा, हें तेथेंहि खरें आहे. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या कारकीर्दीची कायदेशीर मुदत ४ मार्च १७८९ रोजीं ‘कमेन्स’ झाली; परंतु त्यांचा शपथविधि, म्हणजे ‘इनॉग्युरेशन’, झाला ३० एप्रिल रोजीं. जवळजवळ आठ आठवडे मुदत चालूं होती आणि समारंभ व्हावयाचा होता.

राहिला ‘लाँच’. हा शब्द भाल्याशीं संबंधित आहे. ‘लान्स’ म्हणजे भाला. त्याच घराण्यांतून फेकणें, सोडणें या अर्थानें ‘लाँच’ आला. गोदींत बांधून तयार झालेलें जहाज उतारावरून पाण्यांत सोडतात, तें ‘लाँच’ करणें. म्हणजे येथें पुष्कळसें काम आधींच झालेलें असतें. सर्व सिद्धता करून वस्तु हातावेगळी करण्याचा तो क्षण. चांद्रयान-३ हें १४ जुलै २०२३ रोजीं ‘लाँच’ झालें असें आपण म्हणतों. त्या दिवशीं त्या योजनेचा आरंभ झाला असें कोणी म्हणणार नाहीं. अनेक वर्षांच्या परिश्रमानंतर तें आकाशांत सुटलें. हल्लीं व्यापारी लोक नव्या साबणापासून नव्या पुस्तकापर्यंत सर्व कांहीं ‘लाँच’ करतात. तेंहि माल तयार झाल्यावरच. मुंबईच्या गेट वे ऑफ इंडियावरून घारापुरीस जाणारी जी लाँच आपण पाहतों, तिचें नांव मात्र वेगळ्या वाटेनें, पोर्तुगीजांकडून इंग्रजींत आलेलें आहे. नामसाम्यानें फसूं नये.

हे सर्व शब्द एकाच प्रसंगाला लावून पाहिले, म्हणजे त्यांतील भेद मनांत पक्का ठसेल. तसा प्रसंग आपल्या घरचाच आहे. आपल्या देशांतील पहिली प्रवासी आगगाडी केव्हां सुरू झाली, असें विचारलें तर शाळेंतील मूलहि सांगेल, १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणें. मराठींत प्रश्न एक आणि उत्तर एक. इंग्रजींत मात्र याचे सहा प्रश्न होतात. वाफेच्या गाडीनें लोकांची ने-आण करण्याची कल्पना ‘ओरिजिनेट’ झाली ती इंग्लंडांत. तेथील स्टॉक्टन-डार्लिंग्टन मार्ग १८२५ सालींच उघडला होता. मुंबईंत लोहमार्ग व्हावा म्हणून १८४५ च्या सुमारास ज्यांनीं पुढाकार घेतला, त्यांत जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई हे प्रमुख होते. त्यांनीं ती चळवळ ‘इनिशिएट’ केली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी पार्लमेंटच्या कायद्यानें ‘एस्टॅब्लिश’ झाली १८४९ सालीं. प्रत्यक्ष खोदकामाचें ‘बिगिनिंग’ झालें १८५० सालीं, शींव येथें. मार्ग लोकांसाठीं समारंभपूर्वक ‘ओपन’ झाला १६ एप्रिल १८५३ रोजीं. आणि त्या दिवशीं दुपारीं तीन वाजून पस्तीस मिनिटांनीं सुमारें चारशें निमंत्रित मंडळींना घेऊन, तोफांच्या सलामींत गाडी ‘स्टार्ट’ झाली. जगन्नाथ शंकरशेट यांचें श्रेय कोणतें, कंपनीचें कोणतें, आणि त्या दुपारच्या इंजिनाचें कोणतें, हें शब्द वेगळे ठेवले तरच वेगळें राहतें. सर्वांना ‘सुरू झाली’ म्हटलें कीं आठ वर्षांची खटपट एका दुपारींत बुडून जाते.

जातां जातां शाळामास्तराच्या संवयीनें एक व्याकरणाची सूचना करतों. आपण मराठींत म्हणतों, “परीक्षा सोमवारपासून सुरू होईल.” या ‘पासून’चें भाषांतर करून आपण ‘बिगिन फ्रॉम मंडे’ लिहितों. इंग्रजींत तेथें ‘ऑन मंडे’ असें हवें. कारण आरंभ हा एका क्षणाचा, तो सोमवारीं होतो आणि झाला. वेळ असेल तर ‘ॲट टेन’, महिना असेल तर ‘इन जून’. ‘फ्रॉम’ येतें तें गाडी कोठून सुटली हें सांगतांना, अथवा अमुक दिवसापासून तमुक दिवसापर्यंत अशी मुदत सांगतांना.

मुदतीचें नांव निघालें, तेव्हां पुन्हां मूळ गोष्टीकडे येतों. आपल्या घरांत इंग्रजी कागद पुष्कळ असतात. भाड्याच्या घराचा अकरा महिन्यांचा करार असतो. त्याचे महिने आपण सामान हलविलें त्या दिवसापासून मोजले जात नाहींत, करारांत ‘कमेन्स’ या शब्दापुढें जी तारीख असते तिच्यापासून मोजले जातात. नोकरीचें पत्र असतें. विमापत्र असतें, त्यांत कधीं कधीं विमापत्राच्या ‘कमेन्समेंट’ची तारीख एक आणि जोखमीच्या ‘कमेन्समेंट’ची तारीख दुसरी, अशा दोन तारखा असतात. लहान मुलांच्या नांवें काढलेल्या आयुर्विम्यांत हें विशेषेंकरून पाहावें. पैसे आज भरूं लागलों तरी कांहीं योजनांत जोखीम पुढें कांहीं काळानें लागूं होते. अशा कागदांत ‘कमेन्स’ हा शब्द दिसला, कीं तो भारदस्त म्हणून पुढें जाऊं नये. तेथें थांबावें, त्याची तारीख शोधावी, आणि दिवस तेथून मोजावे.

अमेरिकेंतील विद्यापीठांत पदवीदानाच्या समारंभास ‘कमेन्समेंट’ असें म्हणतात. शिक्षण संपलें त्या दिवसाला आरंभ कां म्हणावें, हें कोडें मला पुष्कळ दिवस उलगडलें नव्हतें. उलगडा असा कीं, मध्ययुगीन विद्यापीठांत पदवी मिळाली म्हणजे तो मनुष्य त्या दिवसापासून स्वतः शिकविण्यास अधिकारी होत असे. शिकणें संपलें त्याच दिवशीं शिकविण्याची मोजणी लागली. मला हा शब्द नीट कळला तो निवृत्त झाल्यावर, आणि तोहि एका विद्यार्थ्याच्या नुकसानींतून. त्याचे पैसे मी परत मिळवून देऊं शकत नाहीं. पण माझ्या हाताखालून गेलेल्यांपैकीं कोणी आज ऐकत असतील, तर त्यांनीं आपल्या जुन्या वहींतील ती ओळ खोडावी. आणि बाकीच्यांनीं आज रात्रीं निजण्यापूर्वीं कपाटांतील विमापत्र काढून त्यावरची ती एक तारीख पाहून ठेवावी, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.